पाहुण्यासाठी वेगळं गाणं नको

ग्वाल्हेरला युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत संगीताचं शहर म्हणून जागा मिळाली ती २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस. वाराणसी (२०१५) आणि चेन्नई (२०१७) यांच्यानंतर संगीतासाठी हा मान मिळालेलं देशातलं हे तिसरं शहर. तेव्हापासून शहराच्या मुख्य चौकात म्हणजे बाड्यावर, लष्कर या जुन्या वस्तीतल्या मराठी घरांत, गणपतीच्या मांडवात एक प्रश्न वारंवार निघतो. मान मिळाला, ठीक. आता बाहेरून येणाऱ्याला ऐकवायचं काय आणि कुठे?

उत्तरं बहुतेक एकाच वळणाची असतात. किल्ल्यावर रोज संध्याकाळी पाऊण तासाचा कार्यक्रम ठेवावा. थोडं ध्रुपद, थोडा ख्याल, थोडं कथक, शेवटी सगळ्यांच्या ओळखीचं काहीतरी, मागे रोषणाई. तिकीट लावावं आणि टूरवाल्यांशी बोलून घ्यावं. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, गावातल्या कलाकारांना काम मिळावं असं त्यांना मनापासून वाटतं. तरीही मला हे साफ चुकीचं वाटतं. प्रवाशासाठी वेगळं गाणं तयार करू नये. गावानं गावासाठी गाणं चालू ठेवावं, नेमानं, बाराही महिने, आणि प्रवाशाला तिथे बसायला जागा द्यावी.

आज इथे येणाऱ्याचा दिवस कसा जातो ते आम्ही पाहतोच. पुण्या-मुंबईची मंडळी दिल्लीहून शताब्दीनं किंवा आग्र्याहून गाडी करून येतात. मानमंदिर, सासबहूची देवळं, तेली मंदिर. मग जयविलासमधली झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. वेळ उरलाच तर हजिरा भागातली तानसेनची समाधी. महंमद गौस यांच्या भव्य मकबऱ्यातल्या जाळ्या पाहून झाल्या की शेजारच्या त्या साध्या चौथऱ्यापाशी फोटो काढायचा, गळा गोड व्हावा म्हणून चिंचेची दोन पानं तोंडात टाकायची (मूळ झाड केव्हाच गेलं, आताचं नंतर लावलेलं आहे) आणि संध्याकाळच्या आत ओरछ्याचा रस्ता धरायचा. कुणी चौकस असेल तर सरोदघर पाहतो. सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या घराचं ते संग्रहालय फार जिव्हाळ्यानं जपलेलं आहे, पण तिथली वाद्यं पाहायची आहेत. संगीताच्या शहरात अख्खा दिवस काढून माणूस एक सूरही न ऐकता परत जातो. उणीव खरी आहे, त्याबद्दल माझा कुणाशीच वाद नाही. वाद आहे तो उपायाबद्दल.

ग्वाल्हेरचं गाणं पाऊण तासाच्या मिसळीत का बसत नाही, ते नीट सांगायला हवं. अल्हैया बिलावल रागातला बडा ख्याल घ्या, तिलवाडा तालात बांधलेला. आमच्याकडे आधी बंदिश पूर्ण मांडतात, स्थायी आणि अंतरा दोन्ही, शब्द स्पष्ट ठेवून. लय फार संथ ठेवत नाहीत, त्यामुळे ठेक्याची चाल कानाला सतत कळत राहते. मग बेहेलावे सुरू होतात, स्वरांना मिंडेनं झुलवत राग हळूहळू उलगडतो. त्यानंतर बंदिशीचे शब्द घेऊन बोलआलाप, बोलताना आणि मग ती सरळ, सपाट, खालच्या सप्तकातून वर झेपावणारी तान, जिच्यासाठी ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ-हस्सू खाँ या गवई बंधूंचं नाव आजही घेतात. पुढे छोटा ख्याल, तराणा आणि गळा तसा फिरत असेल तर टप्पा. ऐकणारा प्रत्येक वेळी मागचं मनात ठेवून पुढचं ऐकत असतो. शास्त्रीय संगीत आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्यालासुद्धा तालाच्या दहाव्या-बाराव्या आवर्तनाला मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, ओळखू यायला लागतो. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी त्याची मान किंचित पुढे येते. सम म्हणजे काय ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं, तरी तो तिची वाट पाहायला लागलेला असतो. गाणं कळणं सुरू होतं ते इथून. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत चार प्रकार दाखवायचे ठरवलं की नेमकी ही वाट पाहायची संधी नाहीशी होते. नवख्याला थोडंच द्यावं, जड होईल, असं आयोजक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. जाणकार दोन मिनिटांत राग ओळखतो आणि त्याला तेवढ्यावर आनंदही होतो. जास्त वेळ लागतो तो नवख्याला. तुकडा जाणकाराला द्या एक वेळ, नवख्याला पूर्ण राग द्या.

दुसरी गोष्ट वेळेची. पर्यटकांचा कार्यक्रम म्हटला की तो संध्याकाळीच असणार, स्थळं पाहून झाल्यावर आणि जेवणाच्या आधी. म्हणजे वर्षभर संध्याकाळचेच राग, यमन, हमीर, पूरिया आणि फार तर केदार. भैरव, तोडी, बिलावल, सारंग ही दिवसाच्या पूर्वार्धातली सगळी दौलत या वेळापत्रकात कधीच येणार नाही. ज्या संगीतानं दिवसाच्या प्रहरांचा इतका बारीक विचार केला, त्याची ओळख करून देताना अर्धा दिवस वगळणं मला पटत नाही. आणि प्रवासी तर सकाळी मोकळाच असतो, हॉटेलातला नाश्ता आटोपून दहाची वाट बघत बसलेला असतो.

तानसेन समारोहातली सकाळची सभा ज्यांनी ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. डिसेंबरातलं ग्वाल्हेर म्हणजे धुकं आणि हाडात शिरणारी थंडी. मांडवात पुढे कानटोप्या, मफलर, शाली. मागच्या रांगेत कुणी घरची रजई पांघरून बसलेलं. तानपुरे थंडीत मिळवून ठेवलेले असतात आणि ऊन चढायला लागलं की तारा उतरतात. मग गाणारा मधेच थांबतो, मागे बसलेली शिष्या मान कलती करून खुंटी पिळते, मण्यानं बारीक सूर साधते, तार झणकारावी म्हणून घोडीवर ठेवलेला जवारीचा दोरा बोटानं जरा सरकवते. कुणालाही घाई नसते. त्या दोन-तीन मिनिटांत मांडवातलं बोलणं आपोआप थांबतं, कारण सूर मिळतोय हे सगळे ऐकत असतात. नंतर लागलेल्या तोडीतला कोमल गंधार त्या थंडीत जसा ऐकू येतो तसा बंद सभागृहात मला कधी ऐकू आलेला नाही.

हा समारोह १९२४ साली, माधवराव शिंद्यांच्या काळात, तानसेनचा उरूस म्हणून सुरू झाला. २०२४च्या डिसेंबरात त्याचं शंभरावं वर्ष साजरं झालं. आजही पहिल्या सकाळी समाधीपाशी सनई वाजते, ढोलीबुवा मठाच्या परंपरेतली हरिकथा होते, मिलाद म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण होतं, चादर चढते. नारदीय कीर्तन आणि मिलाद एकाच सकाळी, एकाच कलाकाराच्या समाधीपुढे. एक सभा तानसेनच्या बेहट गावी होते, तिथे आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं येऊन बसतात. यातलं काहीही पर्यटकाला डोळ्यांपुढे ठेवून सुरू झालेलं नाही. गावाला आपल्या थोर माणसाची आठवण ठेवायची होती, म्हणून हे सुरू झालं. प्रवेश सगळ्यांना मोकळा आहे. बाहेरून आलेला माणूस इथे जे ऐकतो ते जन्मभर सांगत राहतो, याचं कारण तो आमच्यात येऊन बसलेला असतो.

पण समारोह मोजक्या दिवसांचा. मांडव उतरला की उरलेलं वर्ष शहर गप्प. मधल्या काळात आपण विक्रमांच्या मागे लागलो. २५ डिसेंबर २०२३ला किल्ल्यावर हजाराहून जास्त तबलावादकांनी एकत्र वादन केलं आणि विक्रम नोंदवला गेला. त्या मुलामुलींचा आनंद मी पाहिला आहे, तो खोटा नव्हता. एवढ्या संख्येनं तबला शिकणारी मुलं आहेत हे जगाला कळलं, हेही चांगलंच झालं. मला त्यापुढची काळजी वाटते. त्यातला प्रत्येक मुलगा पुढच्या वर्षभरात कुणाच्या साथीला बसला? त्याला महिन्यातून एकदा तरी गाण्याबरोबर वाजवायला, चुकायला, पुन्हा सावरायला जागा मिळाली का? हजार तबले एकदम वाजले तर एकाचाही बाज, म्हणजे वाजवण्याची ढब, ऐकू येत नाही. संगीताचं शहर म्हणून खर्च करायचा असेल तर तो ह्या मुलांना वर्षभर वाजतं ठेवण्यावर करायला हवा.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यात वजनदार उदाहरण केरळचं आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. कोचीत रोज संध्याकाळी पर्यटकांसाठी कथकलीचे लहान प्रयोग होतात. रंगभूषा होताना प्रेक्षकांना समोर बसून पाहता येतं, नंतर मुद्रा समजावून सांगतात, मग एखादा प्रसंग. अनेक कलाकारांचं घर त्यावर चालतं आणि अनेक प्रवाशांना तिथेच पहिल्यांदा गोडी लागते. हे खरं आहे. पण तिथे मंदिरांच्या आवारातले रात्रभराचे प्रयोग अजून जिवंत आहेत. लहान प्रयोग पाहून ज्याला ओढ लागली त्याला जायला मोठी जागा आहे. शिवाय कवी वळ्ळत्तोळांनी १९३०मध्ये उभं केलेलं, कथकली शिकवणारं कलामंडलम आहे. चेरुतुरुत्तीला तिथे पाहुण्याला चालू वर्ग पाहता येतात, मुलं घाम गाळत पायकाम घोटत असतात. पाहुणा आला म्हणून त्यांचा अभ्यास बदलत नाही. आमच्याकडे ही मोठी जागाच बाराही महिने चालत नसेल, तर लहान प्रयोग कशाची ओळख करून देणार? गोव्यात मांडवीवरच्या बोटीत देखणी आणि फुगडी ही नृत्यं पाहिलेल्या मराठी माणसाला मी काय म्हणतो ते समजेल. फुगडी चवथीला अंगणात बायका एकमेकींसाठी घालतात, दम लागेपर्यंत. बोटीवर ती ठरल्या वेळेला संपते.

चेन्नईचा मार्गळी महिना मला या बाबतीत आदर्श वाटतो. डिसेंबर-जानेवारीत शहरभर सभांमध्ये, म्हणजे संगीत संस्थांच्या सभागृहांत, सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात, दुपारच्या वेळा तरुण कलाकारांना आणि त्यातल्या पुष्कळ मोफत. श्रोते गावातलेच, हातात वही, राग आणि रचना टिपून घेणारे, मध्यंतरात सभेच्या कँटीनमध्ये इडली-कॉफी घेत वाद घालणारे. जगभरातून माणसं तिथे येतात, पण त्यांच्यासाठी म्हणून काही बेतलेलं नसतं. बनारसला २०१४पासून अस्सी घाटावर पहाटे रोज शास्त्रीय गायन-वादन होतं. घाटावर स्नानाला येणारा आणि विमानानं आलेला एकाच पायरीवर बसून ऐकतात. बनारसला रोज जमतं ते ग्वाल्हेरला आठवड्यातून एकदा का जमू नये?

आणि खरं तर बाहेरच्याला आत घेऊन बसवणं ही याच गावाची जुनी रीत आहे. प्रवास करत संगीत अनुभवायचं तर महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला येण्याइतका मोठा अनुभव एके काळी नव्हता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि हस्सू खाँपर्यंत जाणारी ही गायकी त्यांनी दक्षिणेकडे नेली. मिरजेत त्यांच्याकडे तयार झालेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. रामकृष्णबुवा वझे कोकणातून निघून, हालअपेष्टा सोसत इथवर आले आणि निसार हुसेन खाँसाहेबांपाशी राहिले. भातखंडे तर पेशानं वकील. १९०४मध्ये दक्षिणेत फिरले, पुढे देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि १९१८मध्ये इथे माधव संगीत विद्यालय उभं राहिलं ते त्यांच्याच पद्धतीवर. त्याआधी १९१४मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी स्वतःचं विद्यालय काढलेलं होतं. ही सगळी माणसं प्रवासीच होती किंवा प्रवाशांना शिकवणारी होती. त्यांच्यापुढे कुणी नमुना ठेवला नाही. त्यांना बसायला सांगितलं आणि ऐकायला लावलं. दोन दिवसांच्या पाहुण्यानं वझेबुवांसारखे हाल काढावेत असं मी म्हणत नाही. पण त्याच्याशी वागण्याची रीत तीच ठेवता येते.

मध्यंतरी लष्करातल्या एका जुन्या वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या वर्गात एक प्रसंग पाहिला. नाशिककडचं एक जोडपं किल्ला पाहून आलेलं, कुणाच्या तरी ओळखीनं मागे सतरंजीवर बसलेलं. पुढे सहावी-सातवीतली पाच-सहा मुलं. गुरुजींनी वृंदावनी सारंगातली ओळ सांगितली. एक मुलगी निषादावर, म्हणजे नी या स्वरावर, जाताना दर वेळी घसरत होती. वर जाताना शुद्ध, येताना कोमल, एवढंच. पण येताना तिचा कोमल जरा चढा लागे. गुरुजी रागावले नाहीत की थांबलेही नाहीत, फक्त तेवढीच जागा पुन्हा म्हणायचे आणि हातानं खूण करायचे, थोडं खाली, अजून थोडं. सात-आठ वेळा झालं. नवव्या वेळी निषाद बसला. मागे बसलेल्या बाईंच्या तोंडून पटकन ‘हां’ निघालं आणि मुलीनं वळून पाहिलं. त्या बाईंना सारंग हे नावही नवीन होतं. पण चढा आणि बरोबर यातला फरक त्यांच्या कानानं पकडला होता. खाली उतरताना त्या नवऱ्याला तो निषाद गुणगुणून दाखवायचा प्रयत्न करत होत्या. कुठल्याही रोषणाईच्या कार्यक्रमानं इतकं दिलं नसतं.

मात्र यात धोकाही आहे आणि तो मी हलका समजत नाही. शिकणं ही नाजूक गोष्ट आहे. मुलं चुकतात, पुन्हा पुन्हा चुकतात आणि ते परक्याच्या मोबाइलमध्ये जाता कामा नये. गुरूचं घर म्हणजे पाहण्याचं ठिकाण नाही. तेव्हा ज्याची मनापासून तयारी असेल त्याच शिक्षकाच्या वर्गात, आठवड्यातल्या ठरावीक दिवशी, चार-पाचच पाहुणे, फोन बाहेर आणि वर्ग संपेपर्यंत उठायचं नाही. नको वाटलं तर शिक्षकानं कधीही नाही म्हणावं. राजा मानसिंह तोमर विद्यापीठाला आणि माधव संगीत महाविद्यालयाला ही सोय शिस्तीत करता येईल, त्यांच्याकडे वर्ग आहेत आणि विद्यार्थीही.

बैठकीचं म्हणाल तर फार मोठा घाट घालायला नको. दर रविवारी सकाळी साडेआठला, शंभर माणसं मावतील असा वाडा किंवा देवळाचा सभामंडप, खाली सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी कडेला खुर्च्या, ध्वनिक्षेपक अगदी हलका. एकच कलाकार, दोन तास. पहिल्या पाच मिनिटांत राग कोणता, ताल कोणता आणि बंदिशीचे शब्द काय, एवढं हिंदी-मराठी-इंग्रजीत सांगावं आणि मग गप्प बसावं. गावातल्यांना आणि विद्यार्थ्यांना मोफत, बाहेरच्यांना तिकीट. पुढच्या चार रविवारांचा कागद रेल्वे स्टेशनवर, किल्ल्याच्या तिकीट खिडकीवर आणि हॉटेलांत लावलेला असावा. आज ग्वाल्हेरात उतरलेल्या माणसाला ‘गाणं कुठे आहे’ हे सांगणारा साधा फलकसुद्धा मिळत नाही.

पैशाचा प्रश्न इथेच येतो आणि तो चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. पर्यटक आले तर कलाकाराला पैसे मिळतील, असं गणित मांडतात. माझ्या ओळखीतली एक तरुण गायिका एका हॉटेलात जेवणाच्या वेळी गात असे. काट्या-चमच्यांच्या आवाजात बारा मिनिटं यमन, मग फर्माईश म्हणून सिनेमातली गाणी, आणि ठरलेले पैसे दोन-दोन महिने लांबलेले. तिनं ते सोडलं. मधल्या काळात तिचा सकाळचा रियाज सुटला होता तो पुन्हा बसवायला तिला फार जड गेलं. कलाकाराला मान आणि बिदागी दोन्ही मिळायचं तर पैसा सार्वजनिक हवा, ठरलेला हवा आणि त्याच दिवशी हातात पडायला हवा. तबलजीला, पेटीवाल्याला आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्यालासुद्धा. रोषणाईच्या एका रात्रीच्या खर्चात अशा किती सकाळी निघतील, याचा हिशेब महापालिकेनं आणि संस्कृती विभागानं एकदा लोकांपुढे मांडावा, ही माझी मागणी आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, कारण इथे सगळ्यात जास्त आपलेपणानं येणारे तेच. ज्यांच्या घरी कुणी गाणं शिकतं त्यांची गुरुपरंपरा दोन-तीन पिढ्या मागे नेली की बहुतेक वेळा ती याच गल्ल्यांत पोचते. तेव्हा एक रात्र इथे मुक्काम करा. टूरवाल्याला निघण्याआधीच सांगा, सकाळ मोकळी ठेव. गाण्याला आलात तर मधेच उठू नका. डिसेंबरात आलात तर समाधीपाशी एक दिवस द्या आणि जमलं तर बेहटला जा.

बैठका सुरू झाल्या तर पहिले काही महिने शंभराच्या जागेत वीस-पंचवीस माणसं असतील, त्यातले बरेचसे लष्कर भागातले पेन्शनर आणि दोन-चार विद्यार्थी. पाहुणा एखादाच. तेवढ्यावर कुणी बैठक बंद करू नये. निदान दोन वर्षं एकही रविवार न चुकवता ती चालली पाहिजे, आणि तेवढ्या काळाची तरतूद पहिल्याच दिवशी मंजूर करून घेतली पाहिजे.